सॉसेजसारखे पाय: रे हॅरीहाउसेनचे पहिले प्राणी

१/ १९३० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसजवळच्या एमजीएम स्टुडिओत एक मुलगा सूटकेस घेऊन शिरला. सूटकेसमध्ये त्याने घरी घडवलेले डायनोसॉर होते. ते पाहणार होते विलिस ओब्रायन, म्हणजे ‘किंग काँग’ला पडद्यावर जिवंत करणारे कलावंत. त्यांनी स्टेगोसॉरस निरखून पाहिला आणि सांगितले की याचे पाय सुरकुतलेल्या सॉसेजसारखे दिसतात.

२/ त्या मुलाचे नाव रे हॅरीहाउसेन. एकाक्ष सायक्लॉप्स, केसांच्या जागी साप असलेली मेड्युसा, तलवारी घेऊन जमिनीतून उगवणारे सांगाडे हे सारे पुढे त्याच्याच हातून घडले. आज पॉलिमर क्लेचा पहिला ड्रॅगन घडवून त्याच्या बेढब पायांकडे हिरमुसून पाहणाऱ्यांनी या सॉसेजची गोष्ट जरूर वाचावी.

३/ रेचा जन्म २९ जून १९२० रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. या शहराला एकाच वेळी दोन अद्भुत गोष्टी लाभल्या होत्या. एक म्हणजे हॉलिवूड आणि दुसरी म्हणजे ला ब्रेआचे डांबरी खड्डे. या खड्ड्यांच्या चिकट डांबरात हजारो वर्षांपूर्वी मॅमथ आणि सुळेदात असलेली मोठी मार्जारकुळातील जनावरे अडकून मेली. त्यांची हाडे शहराच्या ऐन वस्तीत उत्खननातून निघत होती.

४/ मार्च १९३३ मध्ये ‘किंग काँग’ हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरमध्ये लागला. रेच्या नात्यातील एक बाई थिएटर चालवणारे सिड ग्रॉमन यांच्या आईची शुश्रूषा करत असत. त्यांच्यामुळे तिकिटे मिळाली. तेराव्या वर्षात असलेला रे चित्रपट पाहून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता: हे केले कसे?

५/ काँग म्हणजे माकडाचा वेष चढवलेला माणूस नव्हे, एवढे त्याला जाणवले होते. पण मग तो काय होता? उत्तर सहजासहजी मिळत नव्हते, कारण स्टुडिओ आपल्या युक्त्या उघड करत नसत. तोवर त्याने कळसूत्री बाहुल्या करून पाहिल्या. मात्र बाहुलीच्या दोऱ्या दिसतात आणि तिचे पाय जमिनीवर भार टाकत नाहीत. काँगच्या पावलांना वजन होते.

६/ हळूहळू नियतकालिकांतील लेखांवरून उलगडा झाला. या तंत्राचे नाव स्टॉप मोशन. सांध्यांमध्ये वळणारी छोटी प्रतिकृती घ्यायची, तिचे एक छायाचित्र टिपायचे, तिला किंचित हलवायचे, पुन्हा टिपायचे. अशी २४ चित्रे सरकली की पडद्यावर एक सेकंद होतो. तत्त्व इतके सोपे होते की ते कोणीही करू शकेल, असे वाटावे.

७/ रेने प्रारंभ केला तो गुहेत राहणाऱ्या प्रागैतिहासिक अस्वलापासून. आतला सांगाडा लाकडाचा होता. अंगावर पांघरलेली फर आईच्या जुन्या कोटाची होती. कॅमेरा एका मित्राकडून उसना आणला होता आणि त्यात एकेक चौकट स्वतंत्रपणे टिपण्याची सोय नव्हती. बटण क्षणभर दाबून लगेच सोडायचे, एवढाच उपाय होता.

८/ चित्रण घरामागच्या अंगणात झाले. अस्वल खरोखर हलले, पण त्याच्यासोबत सावल्याही हलल्या! अस्वलाला एक पाऊल टाकायला लावेपर्यंत सूर्य पुढे सरकलेला असे. त्यामुळे पडद्यावर काही सेकंदांतच सावल्या जमिनीवरून धावू लागत. नवशिक्याने प्राण्याचा विचार केला होता, प्रकाशाचा केला नव्हता. त्यानंतर काम गॅरेजमध्ये, दिव्यांच्या स्थिर उजेडात हलले.

९/ इथे आईवडिलांचा वाटा मोठा आहे. वडील फ्रेड यंत्रकारागीर होते. लाकडी सांगाड्याचे सांधे ढिले पडतात, हे ध्यानी आल्यावर धातूचे, गोळी आणि खोबणीच्या सांध्यांचे सांगाडे तेच घडवून देऊ लागले. आई मार्था बाहुल्यांचे कपडे शिवत. मंदीच्या काळात, मुलगा गॅरेजमध्ये राक्षस घडवत असताना, त्या घराने त्याला अवजारे दिली.

१०/ अस्वलामागोमाग डायनोसॉर आले. त्यांतच तो स्टेगोसॉरस होता. पाठीवरचे त्रिकोणी फलक, शेपटीचे काटे, खवल्यांची कातडी, सारे मन लावून घडवलेले. नवशिक्याचे लक्ष बहुधा जिथे जाते तिथेच त्याचेही गेले होते: डोळ्यांत भरणाऱ्या बाह्य तपशिलाकडे. पाय म्हणजे शरीर उचलून धरणारे चार खांब, इतकेच.

११/ आता काँग कसा घडला होता, ते पाहू. त्याच्या सुमारे १८ इंच उंचीच्या प्रतिकृती मार्सेल देल्गादो या शिल्पकाराने केल्या होत्या. किराणा दुकानात काम करत कलाशिक्षण घेणाऱ्या या तरुणाला ओब्रायन यांनी हेरले आणि १९२५ च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’ या चित्रपटासाठी डायनोसॉर करायला लावले.

१२/ देल्गादोची पद्धत आतून बाहेर जाणारी होती. आधी धातूचा सांगाडा, मग त्यावर एकेक स्नायू रचायचा, असा की अवयव वळला की तो ताणला जाईल, आणि सर्वांत शेवटी कातडी. काँगवर सशाची फर होती. चित्रीकरणात बोटे लागून ती विस्कटे, त्यामुळे पडद्यावर काँगचे केस सतत थरथरताना दिसतात. उस्तादांच्या कामातही दोष होताच. मात्र तो वरवरचा होता, देहरचनेचा नव्हता.

१३/ ओब्रायन एमजीएममध्ये ‘वॉर ईगल्स’ या चित्रपटाची तयारी करत आहेत, असे रेला कळले. त्याने धीर करून थेट फोन लावला आणि आश्चर्य म्हणजे त्याला भेटीचे बोलावणे आले. पुढे काय झाले, ते सुरुवातीला सांगितलेच आहे. ज्या माणसाच्या कामामुळे आयुष्याला दिशा मिळाली, त्यानेच आपल्या सर्वोत्तम कामाचे पाय सॉसेज ठरवले.

१४/ पण ओब्रायन तेवढे बोलून थांबले नाहीत. शरीररचना शीक, स्नायू हाडाला कुठे जोडलेले असतात ते जाणून घे, असा त्यांचा सल्ला होता. हे बोलण्याचा त्यांना अधिकार होता. त्यांचा स्वतःचा प्रवास सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मातीच्या चिमुकल्या मुष्टियोद्ध्यांपासून सुरू झाला होता. टीका बोचरी होती, तरी तिच्यात पुढची पायरी दाखवलेली होती.

१५/ अशा वेळी दोन वाटा मोकळ्या असतात. पहिली, प्राणी काल्पनिक आहे, त्याचे पाय कसेही असू शकतात, असे स्वतःला समजावणे. शेवटी जिवंत स्टेगोसॉरस पाहिलाय कोणी? दुसरी वाट, पुन्हा विद्यार्थी होणे. रेने दुसरी निवडली. त्याने चित्रकला, शिल्पकला आणि शरीररचनेचे शिक्षण घेतले, तसेच छायाचित्रण आणि संकलनाच्या रात्रवर्गांनाही तो जाऊ लागला.

१६/ चार्ल्स नाइट या चित्रकाराची प्रागैतिहासिक प्राण्यांची चित्रे तो अभ्यासू लागला. नाइट जिवंत प्राण्यांचे निरीक्षण करत आणि जीवाश्मांच्या हाडांवर स्नायू कसे बसले असतील याचा विचार करून नामशेष जनावरे रंगवत. म्हणजेच ओब्रायन जे सांगत होते, ते कॅनव्हासवर आधीच सिद्ध झालेले होते.

१७/ याच काळात रेने ‘इव्होल्यूशन’ नावाचा महत्त्वाकांक्षी प्रकल्प हाती घेतला. पृथ्वीवरील जीवसृष्टीचा इतिहास, एकट्याने, गॅरेजमध्ये. मग १९४० मध्ये डिस्नेचा ‘फँटेशिया’ आला. स्ट्राविन्स्कीच्या संगीतावर त्यात नेमका हाच विषय, स्टुडिओच्या संपूर्ण ताकदीनिशी साकारलेला होता. रेने प्रकल्प सोडून दिला.

१८/ वरवर पाहता हे दुसरे अपयश. पण चित्रित झालेले तुकडे शिल्लक होते आणि त्यांतील प्राण्यांच्या चालण्यात आता भार जाणवत होता. तेच तुकडे दाखवून त्याला जॉर्ज पाल यांच्या ‘पपेटून्स’ या बाहुलीपटांत पहिली नोकरी मिळाली. अपुरी राहिलेली कृती उमेदवारीच्या कामी आली.

१९/ मग दुसरे महायुद्ध आले आणि रे सैन्याच्या चित्रपट विभागात गेला. युद्धानंतर नौदलाने टाकून दिलेली, मुदत संपलेली १६ मिलिमीटरची कोडाक्रोम फिल्म त्याच्या हाती लागली. तिच्यावर त्याने १९४६ मध्ये मुलांसाठी ‘मदर गूज’च्या गोष्टी चित्रित केल्या. आईवडील पुन्हा मदतीला होतेच.

२०/ १९४९ मध्ये ‘मायटी जो यंग’ प्रदर्शित झाला. चित्रपट ओब्रायन यांचा होता आणि त्यातील गोरिलाचे बहुतांश अॅनिमेशन केले त्यांच्या सहायकाने, रे हॅरीहाउसेन यांनी. या चित्रपटाला विशेष दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळाले. सॉसेजच्या त्या भेटीला जेमतेम दशकभर झाले होते.

२१/ आता या प्राण्यांच्या घडणीकडे वळू. हॅरीहाउसेन आधी रेखाटन करत, मग चिकणमातीत पूर्ण प्राणी घडवत. त्यावरून प्लास्टरचा साचा निघे. साच्यात धातूचा सांगाडा बसवून भोवती फेसाळ रबर भरत आणि ते भट्टीत भाजून पक्के करत. माती केवळ साच्यापुरती असे. म्हणून शिल्प घडवतानाच आत सांधा कुठे येणार, हे ठाऊक असावे लागे.

२२/ १९५८ च्या ‘द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद’मधील सायक्लॉप्स पाहा. त्याला बकऱ्याचे पाय आणि खूर आहेत. हे पोशाख घातलेले माणूस आहे, असा संशय प्रेक्षकाला येऊ नये, हा त्यामागचा हेतू. पण बकऱ्याचा मागचा पाय कुठे वाकतो, हे शिकलेल्यालाच ही युक्ती सुचते आणि साधते. एकेकाळी पायांवरून बोलणी खाल्लेल्या शिल्पकाराची सर्वांत गाजलेली कल्पना पायांचीच निघाली.

२३/ १९६३ च्या ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’मध्ये तर त्यांनी कातडीच काढून टाकली. सात सांगाडे तीन माणसांशी तलवारीने लढतात. काही मिनिटांच्या या प्रसंगाला साडेचार महिने लागले. एखाद्या दिवशी फक्त १३ चौकटी पुऱ्या होत, म्हणजे पडद्यावरचा जेमतेम अर्धा सेकंद. इथे लपायला ना फर होती, ना खवले.

२४/ १९७३ च्या ‘द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद’मध्ये कालीची षड्भुजा मूर्ती जिवंत होऊन सहा तलवारी चालवते. १९८१ च्या ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’मधील मेड्युसाला त्यांनी खुळखुळ्या सापाची शेपूट दिली आणि हातांनी धड ओढत सरपटायला लावले. प्राणी जितका अशक्य, तितकी त्याची जमवाजमव खऱ्या प्राण्यांच्या निरीक्षणातून.

२५/ आजच्या नवशिक्याच्या हाती असलेल्या पॉलिमर क्लेचे मूळही त्याच काळातले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील बाहुलीकार केटे क्रूझ यांच्याकडे एक कृत्रिम लगदा आला. बाहुल्यांच्या निर्मितीसाठी तो निरुपयोगी ठरला. त्यांची कन्या सोफी, लाडाने फिफी, हिने तो उचलला आणि त्यावर प्रयोग केले. त्यातूनच १९६० च्या दशकात ‘फिमो’ बाजारात आली. नाकारलेल्या वस्तूला दुसरी संधी मिळाल्याची ही आणखी एक कथा.

२६/ ही क्ले घरच्या ओव्हनमध्ये साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला पक्की होते. साचा नको, रबर नको. मात्र सांगाड्याला पर्याय नाही. तारेचा कणा आणि चुरगळलेल्या फॉइलचा गाभा न देता घडवलेला ड्रॅगन भाजण्याआधीच मान टाकतो, आणि त्याचे पाय स्टेगोसॉरसच्या त्या पायांसारखेच दिसू लागतात.

२७/ हॅरीहाउसेन यांना १९९२ मध्ये अकादमीचा गॉर्डन ई. सॉयर पुरस्कार मिळाला. ७ मे २०१३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रतिकृतींचे रबर काळाबरोबर कडक होते, तडकते, गळून पडते. त्यातले धातूचे सांगाडे मात्र टिकतात. त्यांतले काही एका चित्रपटानंतर दुसऱ्यात वापरले गेले: १९५७ च्या ‘ट्वेंटी मिलियन माइल्स टू अर्थ’मधील ईमिरच्या सांगाड्यावरच पुढच्या वर्षी सायक्लॉप्स उभा राहिला.