लष्कराच्या भाकऱ्या

महाराष्ट्राबाहेर ज्यांचे आयुष्य बदल्यांत गेले त्यांस एक दृश्य नव्याने सांगावयास नको. आपल्या मंडळाची वार्षिक सभा भरते, अहवाल वाचला जातो, हिशेबावर दोन-चार प्रश्न होतात. आणि मग नव्या वर्षासाठी चिटणीस कोण, हा विषय निघताच इतका वेळ बोलकी असलेली मंडळी एकाएकी छताकडे पाहू लागतात. अध्यक्षपदास माणसे मिळतात, कारण त्या पदाला हार असतो. चिटणीसपदी बहुधा त्या दिवशी जो गैरहजर असेल त्याची एकमताने निवड होते. आम्हीही एकदा असेच गैरहजर राहिलो होतो. पुढची दोन वर्षे वर्गणीच्या पावत्या, नाटकाच्या तालमींतील रुसवेफुगवे आणि न आलेल्या पत्रांबद्दलच्या तक्रारी यांनी आमच्या घरातील जेवणाचे टेबल व्यापले होते. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे या म्हणीचा अर्थ आमच्या घरात त्या काळी रोज कोणीतरी समजावून सांगत असे.

त्याच दिवसांत हेन्री ओल्डेनबर्ग या गृहस्थाचे चरित्र आमच्या वाचनात आले आणि आमचे दुःख आम्हांस फारच किरकोळ वाटू लागले.

ओल्डेनबर्ग हा मूळचा जर्मन. ब्रेमेन शहरी इ. स. १६१९ च्या सुमारास जन्मलेला. १६५३ साली इंग्लंड व हॉलंड यांचे युद्ध चालू असता ब्रेमेनच्या व्यापाराला त्याची झळ लागू नये म्हणून क्रॉमवेलकडे रदबदली करण्यासाठी त्या शहराने त्याला लंडनला पाठविले. तो तेथेच रमला. एका सरदार घराण्यातील मुलाचा शिक्षक म्हणून त्याने युरोपचा प्रवास केला. हा मुलगा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलचा भाचा. या प्रवासात पॅरिसच्या विद्वानांच्या बैठकी त्याने पाहिल्या; १६६१ साली हॉलंडमध्ये जाऊन त्याने स्पिनोझाचीही भेट घेतली. भाषा त्याला अनेक येत, आणि परक्या माणसाशी मैत्री जोडण्याची कला त्याहून अधिक येत असे. १६६० च्या नोव्हेंबरात लंडनला जी विद्वत्सभा सुरू झाली व पुढे राजाच्या सनदेने जी रॉयल सोसायटी म्हणून नावारूपास आली, तिच्या दोघा चिटणिसांपैकी एक म्हणून सनदेत त्याचे नाव पडले. दुसरे चिटणीस जॉन विल्किन्स. काम मात्र बव्हंशी ओल्डेनबर्गच्या गळ्यात पडले.

हे काम काय होते? सभेला व कार्यकारी मंडळाला न चुकता हजर राहावयाचे, बोलणे-चालणे टिपावयाचे, घरी जाऊन त्याला नीट रूप द्यावयाचे, दप्तरात नोंदी झाल्या की नाही ते पाहावयाचे, ज्या सभासदाने प्रयोग करण्याचे कबूल केले त्याच्या पाठीस लागावयाचे, आणि परदेशची सगळी पत्रे लिहून त्यांच्या उत्तरांना पुन्हा उत्तरे द्यावयाची. ही यादी आमची नव्हे, ओल्डेनबर्गनेच एका टिपणात करून ठेवली आहे. आणि तिच्या अखेरीस त्याने एवढेच विचारले आहे की अशा माणसाला कोणाच्या मदतीवाचून ठेवावे काय? ज्याने सरकारी कचेरीत एखादे जादा पद मंजूर करून घेण्यासाठी टिपण लिहिले असेल, त्याला या प्रश्नामागची आर्जवी तिडीक ओळखता येईल. ओल्डेनबर्गला वेतन नव्हते. ते मिळण्यास १६६९ साल उजाडले, आणि तेही वर्षाला ४० पौंड.

उदरनिर्वाहाचा मार्ग म्हणून त्याने ६ मार्च १६६५ रोजी ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ हे मासिक काढले. जगातील विज्ञानविषयक नियतकालिकांत ते आज सर्वांत दीर्घायुषी मानले जाते. पण तेव्हा ते त्या संस्थेचे नव्हते. संस्थेने परवानगी दिली होती. नफा-तोटा सर्वस्वी ओल्डेनबर्गचा. वर्षाकाठी दीडशे पौंड सुटतील अशी त्याची अटकळ होती. प्रत्यक्षात चाळिसाच्या वर प्राप्ती गेली नाही, आणि त्यातून जेमतेम घरभाडे भागते, अशी त्याची तक्रार असे. पहिल्याच वर्षी लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले. जो तो गाव सोडून गेला. हा मात्र पॅलमॅलमधील आपल्या घरी राहिला आणि अंक ऑक्सफर्डला छापून घेऊ लागला. पुढच्या वर्षी शहराला आग लागली, आणि सेंट पॉल देवळाच्या आसपास पुस्तकविक्यांचे जे गठ्ठे होते त्यांची राख झाली.

अंकासाठी मजकूर येई तो पत्रांतून. ही पत्रे बोलोन्याच्या मालपीगीची, डान्झिगच्या हेव्हेलियसची, पॅरिसच्या हायगेन्झची. आमच्या मुलखाचीही त्यात थोडी आठवण आहे. १६६७ साली त्याने सुरत व पूर्वेकडील इतर मुलखांत जाणाऱ्यांसाठी एक प्रश्नावली छापली. शिवाजीमहाराजांनी सुरत लुटली त्याला तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. बर्नियेच्या मोगल दरबाराच्या वृत्तांताचे इंग्रजी रूपांतर १६७१ साली बाहेर पडले तेही याच चिटणिसाच्या लेखणीतून. एवढा पत्रव्यवहार उरकतो कसा, असे मार्टिन लिस्टर नामक विद्वानाने त्याला विचारले होते. त्याने सांगितले की एका पत्राच्या मजकुरातून आपण दुसऱ्याचे उत्तर तयार करतो, आणि कागद, शाई व लेखणी समोर घेतल्यावाचून आलेले पत्र फोडतच नाही. आमच्या आवक-जावक बारनिशीच्या अनुभवावरून सांगतो, हा नियम सांगण्यास सोपा आणि पाळण्यास भयंकर आहे.

टपालाचा खर्च ही आणखी एक चिंता. त्या काळी हशील बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावे लागे. म्हणून परदेशच्या मित्रांनी ‘ग्रुबेंडॉल, लंडन’ असा पत्ता घालावा, अशी युक्ती निघाली. हे ओल्डेनबर्ग नावाचीच अक्षरे उलटीपालटी करून केलेले टोपणनाव. अशी पत्रे राज्यमंत्र्याच्या कचेरीत जात, तेथील जोसेफ विल्यमसन हशील सोशी, आणि मोबदल्यात पत्रांतील राजकीय बातम्या त्याला मिळत. सोय उत्तम होती. पण जो सरकारला पत्रे दाखवितो त्याच्या पत्रांवर सरकारचा डोळाही राहतो. १६६७ च्या जूनमध्ये डच आरमाराने मेडवे नदीत घुसून इंग्रजांची जहाजे जाळली. लंडन हादरले, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला ओल्डेनबर्गला पकडून टॉवरच्या तुरुंगात टाकण्यात आले. युद्धाच्या कारभारावर त्याने एखाद्या पत्रात जीभ सैल सोडली असावी. हुकूम ज्या लॉर्ड आर्लिंग्टनचा, त्याच्याच कचेरीत ग्रुबेंडॉलची पत्रे उतरत. पेपीसने आपल्या रोजनिशीत या अटकेची नोंद केली आहे. दोन महिन्यांहून अधिक काळ तो आत होता. तह झाल्यावर ऑगस्टच्या अखेरीस सुटला आणि तुरुंगातील कोंदट हवेचा उतारा म्हणून काही दिवस केंट परगण्यातील एका खेड्यात जाऊन राहिला. बॉइलला लिहिताना त्याला मोठी काळजी होती ती परदेशचे लोक आता आपल्याला मोकळेपणाने लिहितील की नाही, याची. आम्हांस हे वाचून थोडे आश्चर्य वाटले आणि थोडी लाजही वाटली. कारण आम्ही असतो तर त्याच दिवशी राजीनामा पाठविला असता.

तुरुंगापेक्षाही त्याला छळले ते सभासदांनी. १६७२ च्या फेब्रुवारीत केंब्रिजच्या आयझॅक न्यूटनने प्रकाश व रंग यांवरील आपला लेख त्याच्याकडे धाडला आणि तो लगोलग छापला गेला. रॉबर्ट हूकने त्यावर टीका केली. उत्तर देताना प्रतिपक्षाची नावे घालू नयेत, वाद विषयापुरता राहावा, असे ओल्डेनबर्गने न्यूटनला सुचविले. न्यूटनने जे उत्तर पाठविले त्यात हूकचे नाव जागोजाग होते. मग आणखी टीकाकार उठले, आणि १६७३ च्या मार्चमध्ये वैतागून न्यूटनने आपले नाव सभासदांतून कमी करावे असे कळविले. चिटणिसाने काय करावे? त्याने वर्गणी माफ करवून घेण्याची तयारी दाखविली! प्रत्येक मंडळात रुसलेल्या सभासदापुढे टाकला जाणारा हा तोडगा इतका जुना आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते. न्यूटन राहिला खरा, पण वादाने आपल्याला विज्ञानाचे गुलाम करून टाकले आहे, असे तो पुढेही कुरकुरत असे.

ओल्डेनबर्ग निव्वळ साधू होता असे आमचे म्हणणे नाही. हूकविषयी त्याच्या मनात अढी होती, आणि न्यूटनच्या रागाला त्याने अधूनमधून फुंकरही घातली, असा काही अभ्यासकांचा संशय आहे. तो अगदीच निराधार वाटत नाही. १६७५ साली हायगेन्झने स्प्रिंगच्या घड्याळाची रचना त्याला कळविली आणि इंग्लंडमधील हक्काचा लाभ ओल्डेनबर्गने वा संस्थेने घ्यावा असे सुचविले. ही कल्पना आपली, फार पूर्वीची, असे हूकचे म्हणणे. ज्याची मिळकत चाळीस पौंड, त्याला परक्या शास्त्रज्ञाने असा लाभ देऊ करावा, आणि तो त्याने साफ नाकारू नये, यात मनुष्यस्वभावाबाहेरचे काही नाही; पण हूकने त्यावरून त्याला बातम्यांचा सौदा करणारा दलाल ठरविले आणि ते पुस्तकात छापले. १६७६ च्या नोव्हेंबरात कार्यकारी मंडळाने ठराव करून चिटणीस प्रामाणिक असल्याचा निर्वाळा दिला. तो ठराव ओल्डेनबर्गने आपल्याच मासिकात छापला. चौदा वर्षे ज्या सभेची भाकरी भाजली, तिच्याकडून आपण चोर नसल्याचा दाखला घेऊन तो छापताना त्याला काय वाटले असेल?

त्या दाखल्यानंतर तो वर्षभरही जगला नाही. ५ सप्टेंबर १६७७ रोजी अकस्मात आजारी पडून तो वारला. त्याची पत्नी पंधरवड्याच्या आतच त्याच्यामागे गेली, आणि रूपर्ट व सोफिया ही दोन लहान मुले पोरकी झाली. संस्थेची कागदपत्रे त्याच्या घरी होती. ती ताब्यात घेण्याची धावपळ सुरू झाली, आणि चिटणिसाच्या जागी ज्यांची नेमणूक झाली त्यांत खुद्द हूक होता. मासिक नेहेमाया ग्रू याने १६७९ पर्यंत रेटले. मग ते बंद पडले, ते १६८३ साली पुन्हा निघाले. संस्थेने ते रीतसर आपले म्हणून स्वीकारण्यास १७५२ साल उजाडावे लागले. ओल्डेनबर्गचा पत्रव्यवहार हॉल पतिपत्नींनी १९६५ पासून १९८६ पर्यंत राबून तेरा खंडांत प्रसिद्ध केला.

डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याला डच भाषेवाचून दुसरी भाषा येत नसे. १६७३ पासून त्याची पत्रे ओल्डेनबर्गने स्वतः इंग्रजीत उतरविली. पाण्याच्या थेंबात दिसलेल्या सूक्ष्म जिवांचे पत्र त्याने मृत्यूपूर्वी काही महिने छापले होते. ती पत्रे मात्र डेल्फ्टहून पुढेही येतच राहिली, १७२३ साली तो म्हातारा मरेपर्यंत.