अठ्ठेचाळीस पत्ते आणि एक ताट भजी

या वीकांताला माळा आवरताना एक प्लॅस्टिकची डबी सापडली. आत ४८ पत्ते. आपल्या नेहमीच्या पत्त्याच्या निम्म्या आकाराचे, पण पुठ्ठ्यासारखे जाड. कुठेही एक्का-दुर्री नाही, राजा-राणी नाही. नुसती फुलं, पानं, एक करकोचा, एक डोंगरावरचा चंद्र. लेकीने विचारलं, "बाबा, हे कसले पत्ते?" आणि मला एकदम २००४ सालची ती संध्याकाळ आठवली, जेव्हा मी भर पंगतीत एक मोठी फेकंफेक केली होती. आजचा लेख त्याचं प्रायश्चित्त समजा.

तेव्हा मी अमेरिकेत एमएस करत होतो. सेमिस्टर संपलं, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि लॅबमधल्या क्योटोच्या मित्राने घरी जेवायला बोलावलं. मी, माझा गोव्याचा रूममेट आणि आमच्याच वर्गातली एक कोरियन मुलगी. मी शाकाहारी, म्हणून त्या भल्या माणसाने खास माझ्यासाठी भाज्यांचा टेम्पुरा तळला होता. रताळं, भोपळा, वांगं. मी चार-पाच तुकडे सोबतच्या पातळ सॉसमध्ये बुडवून हाणल्यावर त्याचा चेहरा पडला. त्या सॉसमध्ये वाळवलेल्या माशाचं पाणी असतं, हे त्याला तेव्हा आठवलं! असो. (आईला हे अजून माहीत नाही.)

जेवण झाल्यावर त्याने हीच डबी काढली. हानाफुदा, म्हणजे फुलांचे पत्ते. कोरियन मुलगी ओरडलीच, "हे तर आमचे ह्वातू!" तिच्या आजीकडे सणाला चादर पसरून हेच खेळतात म्हणे. तो हळूच म्हणाला, "हे मूळचे जपानी." ती गप्प झाली. जपानने १९१० ते १९४५ कोरियावर राज्य केलं, तेव्हा अशा वाक्यानंतरची शांतता जरा जड असते. आणि नेमकं तेव्हाच मला बोलायची हुक्की आली. म्हणालो, "पत्त्यांचं सोडा, हा टेम्पुरा म्हणजे आमची भजी आहे. गोव्याहून पोर्तुगीज घेऊन गेले तुमच्याकडे." रूममेटने मान डोलावली. पुरावा? एक ढकलपत्र! ज्या ढकलपत्रांमध्ये जगातली प्रत्येक गोष्ट भारतातून गेलेली असते, त्यातलंच एक. मित्र म्हणाला, "असेलही," आणि पत्ते पिसायला लागला.

आता इतक्या वर्षांनी नीट वाचून बघितलं. नेमकी गंमत अशी की ज्याच्यावर मी काही दावा केला नव्हता, त्या पत्त्यांचाच गोव्याशी धागा जास्त पक्का निघाला.

पोर्तुगीज पहिल्यांदा जपानला पोचले १५४३ मध्ये, तानेगाशिमा बेटावर. १५४८ मध्ये आंजिरो नावाच्या एका जपानी माणसाचा बाप्तिस्मा झाला, तो आपल्या गोव्यात. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस झेवियर त्याला सोबत घेऊन गोव्याहून निघाला आणि १५ ऑगस्ट १५४९ ला कागोशिमाला उतरला. १५७१ पासून नागासाकी बंदर पोर्तुगीज व्यापाराचं ठाणं झालं. गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी असा तो रस्ता. महिनोन् महिने समुद्रावर काढणारे खलाशी करणार काय? पत्ते कुटणार! पोर्तुगीजमध्ये पत्त्याला 'कार्ता', त्याचं जपानीत झालं 'कारुता'. ब्रेडला आपण पाव म्हणतो आणि जपानी लोक 'पान' म्हणतात, तोही याच जहाजांचा प्रताप.

त्या पोर्तुगीज कॅटमध्ये चार रंग होते: तलवारी, सोटे, प्याले आणि नाणी. दहाचा पत्ता नाही, त्यामुळे प्रत्येक रंगात १२ पाने, एकूण ४८. जपान्यांनी तो तसाच्या तसा उतरवून काढला, अगदी एक्क्यावरच्या ड्रॅगनसकट. तेन्शो काळात (१५७३ ते १५९२) हे सुरू झालं, म्हणून नाव तेन्शो कारुता. मग पाच रंगांचा, ७५ पानांचाही एक कॅट निघाला.

१६३९ मध्ये पोर्तुगिजांना हाकलून दिलं. त्यांचा धर्म बंद, जहाजं बंद. पत्ते मात्र राहिले. लोक त्यावर जुगार खेळणार, शोगुनचं सरकार बंदी घालणार, कारागीर चित्रं बदलणार, लोक पुन्हा जुगार खेळणार. चांगलं दोन शतकं चाललेलं इन्फिनिट लूप. होता होता तलवारी आणि प्याले इतके वेडेवाकडे झाले की मूळ चित्र काय होतं ते कुणाला सांगता येईना.

आणि अठराव्या शतकात फुलांचे पत्ते आले. पाने पुन्हा ४८, पण आता चार रंग गुणिले बारा नव्हे, बारा महिने गुणिले चार. सरळ मॅट्रिक्स ट्रान्सपोज! जानेवारीचा पाइन, फेब्रुवारीचा प्लम, मार्चची चेरी, ऑगस्टचं गवत आणि त्यावरचा चंद्र, ऑक्टोबरचा मेपल. अंक एकही नाही. ज्याला ऋतू कळतात त्याला पत्ता कळतो. बंदी चुकवायला मुद्दाम अंक काढून फुलं घातली, असं सर्रास सांगतात. असेल, पण सरकार काही इतकं बावळट नव्हतं. पुढे फुलांवरही बंदी आलीच.

मेजी काळात, १८८० च्या दशकात, विक्रीला मोकळीक मिळाली. २३ सप्टेंबर १८८९ ला क्योटोत फुसाजिरो यामाउची नावाच्या कारागिराने हानाफुदा बनवायचं दुकान काढलं. त्या दुकानाचं नाव निन्तेन्दो! होय, मारिओवाली निन्तेन्दो. १९५३ मध्ये त्यांनी जपानमध्ये प्लॅस्टिकचे पत्ते आणले, १९५९ मध्ये डिस्नेची चित्रं छापून पत्ते जुगाऱ्यांच्या हातून पोरांच्या हातात दिले, आणि १९८३ मध्ये फॅमिकॉम काढला. नव्वदच्या दशकात आपण टीव्हीला जोडून, 'कॅसेट' फुंकून फुंकून जो गेम खेळायचो, तो बहुतेकांच्या घरी याच फॅमिकॉमची नक्कल होता. निन्तेन्दो अजूनही हानाफुदा बनवते. माझ्या डबीवरही तिचंच नाव आहे.

जुगाराच्या खुणा मात्र पुसल्या गेल्या नाहीत. ८-९-३, म्हणजे या-कु-झा, हा एका जुगारातला सर्वात भिकार हात. बेरीज २०, किंमत शून्य. तिथल्या गुंडांच्या टोळ्यांचं नाव त्यावरूनच पडलं. आणि 'तेक्कामाकी' नावाची ट्यूनाची सुशी आहे, ती जुगाराच्या अड्ड्यावर एका हाताने खाता यावी, पत्ते चिकट होऊ नयेत म्हणून निघाली असं सांगतात. अगदी हीच कथा इंग्लंडात सँडविचची सांगतात, त्यामुळे माझा विश्वास जरा कमीच.

आता भजीकडे. टेम्पुरा हा शब्द बहुधा पोर्तुगीज आहे. उपासाच्या दिवसांना ते 'तेंपोरा' म्हणत, मांस वर्ज्य, म्हणून मासे-भाज्या तळायच्या. दुसरा अंदाज 'तेंपेरो', म्हणजे मसाला, या शब्दाचा. पोर्तुगालमध्ये फरसबी पिठात बुडवून तळायचा पदार्थ आजही घरोघरी होतो, आणि त्यात गव्हाचंच पीठ असतं, जसं टेम्पुऱ्यात असतं. बेसनाचा पत्ता नाही. पुढे एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, टेम्पुरा वाढला तो रस्त्यावरच्या गाड्यांवर. लाकडी घरांचं शहर, आगीची दहशत, घरात उकळत्या तेलाची कढई कोण ठेवणार?

गोव्याहून निघणाऱ्या जहाजांवर आशियाई खलाशी असत, जपानी पडद्यांवरच्या चित्रांत सावळे लोक दिसतातही. त्यातल्या कुणी नागासाकीत भजी तळली नसतीलच असं नाही. पण तळली होती असं म्हणायला माझ्याकडे काहीही नाही. उलट आपल्या मिरची भजीतली मिरची आणि बटाटा भजीतला बटाटा हे दोन्ही अमेरिका खंडातले, आणि ते आपल्याकडे पोचले त्याच पोर्तुगीज काळात. त्या संध्याकाळी मी कुणाला काय शिकवत होतो?

आपणही तेच केलंय म्हणा. गोव्याला खेटून असलेल्या सावंतवाडीची गंजिफा घ्या. खेळ इराणकडून आला, बाबराच्या आठवणींत १५२७ मध्ये त्याचा उल्लेख आहे. आपण त्यात विष्णूचे दहा अवतार बसवले, दर अवताराची १२ पाने, एकूण १२० गोल पत्ते. मत्स्याच्या पत्त्याकडे बघून इराण कुणाला आठवतो? कोरियन आजीला तरी तिच्या चादरीवर क्योटो का आठवावं?

काल रात्री त्या मित्राला मेल टाकली. माझा भजीचा दावा मागे घेतो, माशाच्या पाण्याबद्दल तुला कधीच माफ केलंय, आणि तुझे पत्ते अर्धे पोर्तुगीज आहेत असं लिहिलं. सकाळी उत्तर आलं: "पत्त्यांचं माहीत होतं. पण ती आधीच चिडली होती आणि तू बोलायचा थांबत नव्हतास."

दुपारी लेकीला कोइ-कोइ शिकवलं. दोघांचा खेळ. जोडी जमली की गुण घेऊन थांबायचं, नाहीतर 'कोइ-कोइ' म्हणून अजून मागायचं. मी तीनदा अजून मागितलं आणि तिन्ही डाव हरलो. बायकोने रताळ्याची भजी केली होती, बेसनातली.