जंजिरा : तोफेपलीकडचे राज्य

जंजिरा म्हटले की आपल्याला कलालबांगडी तोफ आठवते आणि ‘अजिंक्य’ हा शब्द. सहलीची मुलेही तोफेजवळ फोटो काढून परत होडीत बसतात. पण १९४८ पर्यंत तिथे एक राज्य चालत होते, ते कसे चालत होते हे कोणी विचारत नाही.

जझीरा म्हणजे अरबीत बेट. तिथले सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. आपल्या मराठवाड्याला हबशी नवा नाही. खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर हबशीच होता. तो निजामशाहीचा आणि हे सिद्दीही आधी निजामशाहीचेच. ती १६३६ साली बुडाल्यावर ते विजापूरकडे गेले आणि १६७० नंतर मोगलांचे आरमार सांभाळू लागले.

मला सर्वांत नवल वाटते ते त्यांच्या गादीचे. फार दिवस ती बापाकडून मुलाकडे जात नव्हती. आरमारातल्या सरदारांमधून प्रमुख ठरे, म्हणजे दर्यावर ज्याचा अनुभव आणि वजन जास्त त्याचा मान. राजाला वारस नसला की वाद आणि लढाया व्हायच्या त्या काळात ही रीत होती! वंशपरंपरा नंतर आली.

बेटावर गोड्या पाण्याचे तलाव आहेत, पण भात पिकत नाही. धान्य आणि महसूल मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या किनाऱ्याच्या मुलखातून येई. १६८२ साली संभाजी महाराजांनी खाडी बुजवून किल्ल्यापर्यंत जायचा प्रयत्न केला. बाजीरावाने १७३३ मध्ये वेगळी वाट धरली आणि किनाऱ्यावर जोर दिला. किल्ला राहिला पण मुलूख बराच गेला. माझ्या मते खरा घाव तोच. (पेशव्यांचे भट घराणे याच श्रीवर्धनचे, सिद्दीच्या मुलखातले देशमुख. असो.)

जाफराबाद हे काठेवाडचे बंदरही सिद्दीच्याच ताब्यात होते. एक राज्य आणि मधे समुद्र! आता ते गुजरातेत, अमरेली जिल्ह्यात आहे.

इंग्रजी अमलात कुलाब्याचा कलेक्टरच जंजिऱ्याचा पोलिटिकल एजंट असे. नबाब गादीवर, पण शेवटचा शब्द अलिबागचा. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले; आपल्या बीडला मात्र १७ सप्टेंबरपर्यंत थांबावे लागले. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले आणि सिद्दीचे मुरूड शिवाजी महाराजांच्या राजधानीच्या नावाच्या जिल्ह्यातला एक तालुका म्हणून राहिले.