छाप बघून आण

माझ्या आजीला वाचता येत नव्हतं. दुकानात पाठवताना ती संपलेल्या पुड्याचा कागद फाडून आमच्या हातात द्यायची आणि बजावायची, "ह्याच चित्राचं आण. दुसरं दिलं तर घेऊ नकोस." कागदावर कंपनीचं नाव ठळक छापलेलं असे, पण तिला ते नुसतं नक्षीकाम. तिचा भरवसा चित्रावर. पुढे व्यापारचिन्हांचा कायदा वाचायची वेळ आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यातली बहुतेक कलमं आजीच्या त्या फाटक्या कागदाच्या रक्षणासाठीच लिहिलेली आहेत.

या कागदाचं कूळ फार जुनं आहे. बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात सोंग राजवटीतला, म्हणजे इ.स. 960 ते 1279 या काळातला, काशाचा एक छपाईचा ठसा आहे. तो जिनान शहरातल्या ल्यू घराण्याच्या सुयांच्या दुकानाचा. मधोमध खलात कांडणारा पांढरा ससा, आणि शेजारी गिऱ्हाइकाला सूचना: दारासमोरचा पांढरा ससा हीच आमची खूण, ती पाहून या. सुईवर नाव कोरता येत नाही, आणि नाव घातलं तरी वाचणारे किती? म्हणून ससा. त्याच्याही कितीतरी आधी, सिंधू संस्कृतीतल्या आपल्या लोथलच्या वखारीत मालाच्या गाठोड्यांवर लावलेल्या मातीच्या गोळ्यावर मुद्रा उमटवत. त्या गोळ्यांच्या पाठीवर चटईची वीण आणि दोरीचे पीळ आजही उमटलेले दिसतात. ती मुद्रा कारागिराची होती, मालकाची की अधिकाऱ्याची, हा वाद विद्वानांचा. बांधलेल्या मालावर ओळखीची खूण होती, एवढं त्या मातीवरून दिसतं.

मराठीत या खुणेला शब्द पुष्कळ. मुद्रा संस्कृत, शिक्का अरबीतून आलेला, मोहोर फारसीतून. या तिन्हींना दरबाराचा वास आहे. शिक्का तर मुळात नाणं पाडायचा साचा. बाजाराने उचलला तो 'छाप' हा शब्द. माकडछाप काळी पावडर, गायछाप जर्दा, घोडाछाप अमुक, वाघछाप तमुक. इंग्रजीतला 'ब्रँड' हा मुळात जळत्या लाकडाचा शब्द. आपण जनावराला डाग देतो, त्याच्याशी त्याचं नातं. पण डाग आणि छाप यांत एक मोठा फरक आहे, आणि तो आपल्या घरातल्या भांड्यांवरच दिसतो. लग्नात आलेल्या पितळी तांब्यावर आपण नाव घालून घेतो, ती मालकीची खूण: हा तांब्या कोणाचा. त्याच तांब्याच्या बुडाशी कारखान्याचा ठसा असतो, ती उगमाची खूण: हा तांब्या कोणी घडवला. 1860च्या भारतीय दंडसंहितेने या दोन खुणांच्या वेगळाल्या व्याख्या केल्या होत्या. व्यापारचिन्ह समजून घ्यायचं तर एवढा तांब्या पुरेसा आहे.

खुणांची सरकारी वही उघडली ती इंग्लंडने. 1875च्या कायद्याने नोंदणीची सोय झाली आणि 1 जानेवारी 1876 या पहिल्याच दिवशी पहिल्या क्रमांकावर नोंद झाली बर्टनच्या बास कंपनीच्या लाल त्रिकोणाची. ही बियरची कंपनी. हिंदुस्थानातल्या गोऱ्यांसाठी तिची पिंपं बोटींतून इकडे येत. कसलीही कलाकुसर नसलेला नुसता त्रिकोण. पण तो इतका ओळखीचा झाला होता, की माने या फ्रेंच चित्रकाराने 1882 साली पॅरिसच्या मद्यगृहाचं चित्र काढलं, त्यातल्या बाटल्यांवरही तो दिसतो.

आपल्याकडे मात्र खरी गर्दी कापडाच्या बाजारात होती. मँचेस्टरहून येणाऱ्या ताग्यांवर रंगीत चित्रांची तिकिटं चिकटवलेली असत: हत्ती, वाघ, राजेराण्या, देवदेवता. गिरण्यांच्या मालकांनी आपली नावं इंग्रजीत लिहून इथल्या गिऱ्हाइकाला काय कळणार? बाई दुकानात येऊन चित्राच्या नावाने कापड मागायची, आणि दुकानदार तेच चित्र असलेला तागा पुढे टाकायचा. मुंबईच्या गिरण्यांनी तोच रिवाज उचलला. चित्र इतकं विकलं जात होतं, म्हणून चित्राची चोरीही आली. 1889 साली इथे मालावरील खुणांचा कायदा झाला. खोटी छाप लावणाऱ्याला त्यात शिक्षा होती आणि कापडाच्या ताग्यावर त्याची खरी लांबी वारांत छापणं सक्तीचं झालं. पण वही नव्हतीच. आपली छाप आपलीच आहे हे सांगायला व्यापारी दस्त नोंदणी कचेरीत मालकीचं घोषणापत्र नोंदवून ठेवायचा, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायचा, आणि तरीही कोणी नक्कल केली तर कोर्टात पुराव्यांची पोती घेऊन जायचा. इंग्लंडच्या वहीनंतर तब्बल 64 वर्षांनी, 1940 साली, आपला कायदा झाला. तो लागू झाला 1942च्या जूनमध्ये.

याच मधल्या काळात गिरगावात दांडेकर बंधूंनी 1931 साली शाईच्या पुडी-वड्या बनवायला घेतल्या. त्यावर छाप होती घोड्याची. उंट नंतर आला आणि मराठी शाळांच्या दप्तरांत कायमचा बसला.

वही उघडल्यावर लगेच नोंद करणाऱ्यांत विलेपार्ल्याचे बिस्किटवाले होते. पार्ल्याच्या 'ग्लुको' बिस्किटांच्या वेष्टणाची नोंद 7 डिसेंबर 1942 या तारखेची आहे. वेष्टणावर मुलगी, गाई, कोंबड्या आणि मागे शेतावरचं घर. 1961च्या सुमारास म्हैसूरच्या एका कारखान्याचं वेष्टण पुढे आलं: तेवढ्याच आकाराचं, जवळपास त्याच रंगांचं, त्यावरही मुलगी, गाय, कोंबड्या, घर. नाव 'ग्लुकोज बिस्किटं'. खालच्या दोन्ही न्यायालयांनी फरक मोजले आणि दावा फेटाळला. 1972 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दोन कागद शेजारी ठेवून भेद शोधायचे नसतात, असं न्यायालयाने सांगितलं; गिऱ्हाईक आज एक पाहतं आणि काही दिवसांनी दुसरं समोर आलं की त्याला पहिलंच वाटतं, हे खरं माप. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. न्यायमूर्तींनी कोंबड्या मोजल्या नाहीत, माझ्या आजीची आठवण मोजली.

पण त्याच बिस्किटाने दुसराही धडा दिला. चित्र राखता आलं, 'ग्लुकोज' हा शब्द राखता येईना. तो मालाच्या वर्णनाचाच शब्द, जो तो वापरू लागला. शेवटी 1980च्या दशकात कंपनीने स्वतःचं गाव पुढे घेतलं आणि नाव झालं पार्ले-जी. आज कोणी 'खमंग मसाला' किंवा 'शुद्ध तूप' या नावाची नोंद मागू लागलं तर व्यापारचिन्हांचा निबंधक नकार देतो, तो याच कारणाने. वर्णन सगळ्यांचं असतं.

आणखी एक खटला प्रत्येक छोट्या व्यावसायिकाने लक्षात ठेवावा. लाहोरला जन्मलेल्या 'अमृतधारा' औषधाच्या मालकांनी 'लक्ष्मणधारा'च्या नोंदणीला हरकत घेतली. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की सामान्य गिऱ्हाइकाची फसगत व्हावी इतकी ही नावं सारखी आहेत. तरीही 'लक्ष्मणधारा'ला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. कारण दुसऱ्याचा माल उघडपणे खपतो आहे हे दिसत असताना अमृतधारावाले कित्येक वर्षं गप्प राहिले होते.

आज चालतो तो 1999चा कायदा, 15 सप्टेंबर 2003 पासून लागू झालेला. मालाबरोबर सेवांनाही त्यात जागा आहे, आणि 2017 साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलची अख्खी इमारत त्या वहीत नोंदली गेली. नोंदणीसाठी वकिलाचा बोजा सगळ्यांनाच लागतो असं नाही. आधी निबंधकाच्या संकेतस्थळावर आपल्यासारखं नाव कोणाचं आहे का ते फुकट शोधता येतं. मग अर्ज. एकटा व्यावसायिक, नवउद्योग किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन शुल्क दर वर्गाला 4,500 रुपये, इतरांना 9,000. वर्ग 45 आहेत, आणि इथेच घरगुती पदार्थ विकणाऱ्या आपल्या बायका फसतात: मसाला 30व्या वर्गात, लोणचं 29व्या. दोन्ही विकायचं तर दोन्ही वर्ग भरावे लागतात. तपासणीत आक्षेप निघाला तर महिन्याच्या आत उत्तर, नंतर व्यापारचिन्हांच्या सरकारी नियतकालिकात प्रसिद्धी, मग चार महिने कोणाची हरकत येते का याची वाट. नोंद दहा वर्षांची, पुन्हा पुन्हा वाढवता येणारी. नोंद हातात येण्याआधी वर्तुळातला 'आर' पाटीवर लावू नये; तो गुन्हा आहे.

कायद्यात एक आधार मात्र नोंदणीपेक्षाही जुना आहे: नोंद दुसऱ्याची असली, पण त्याच्या आधीपासून ते नाव तुम्ही सलग वापरत असाल, तर तुमचा वापर तो बंद पाडू शकत नाही. सिद्ध मात्र तुम्हालाच करावं लागतं. माझ्या ओळखीच्या एका पापडवाल्या वहिनींकडे वीस वर्षांची गिऱ्हाइकं होती आणि तारखेचा एकही कागद नव्हता. तेव्हा नाव ठरलं की त्याच आठवड्यात अर्ज करा, आणि त्या नावाने फाडलेलं पहिलं बिल व पहिल्या पुड्याचं वेष्टण, तारखेसकट, जपून ठेवा.