उपचार न्यायालये

ज्या आरोपींच्या अपराधाचे मूळ अमली पदार्थांचे व्यसन, मद्यासक्ती किंवा मनोविकार यांत असते, त्यांना तुरुंगात न पाठविता न्यायाधीशाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली उपचार घ्यावयास लावणारी विशेष फौजदारी न्यायालये. त्यांचा उगम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. त्यांतील सर्वांत जुना व संख्येने मोठा प्रकार तेथे ‘ड्रग कोर्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यसनोपचार न्यायालयांचा होय. अपराध शाबीत होऊन शिक्षा फर्माविली, की सामान्य फौजदारी न्यायालयाचे काम संपते. उपचार न्यायालय मात्र आरोपीचा उपचार पुरा होईपर्यंत त्याला वारंवार आपल्यासमोर बोलावीत राहते.

पूर्वपीठिका : या कल्पनेची बीजे एकोणिसाव्या शतकात आढळतात. १८४१ च्या ऑगस्टमध्ये जॉन ऑगस्टस या बॉस्टनमधील पादत्राणे बनविणाऱ्या कारागिराने पोलीस न्यायालयात उभ्या केलेल्या एका मद्यप्याला स्वतः जामीन राहून सोडविले. सुमारे तीन आठवड्यांनी तो मनुष्य न्यायालयात परत आला, तेव्हा त्याच्यातील पालट पाहून न्यायाधीशाने त्याला केवळ एक सेंट दंड व खटल्याचा खर्च एवढ्यावर मुक्त केले. ऑगस्टसने मृत्यूपर्यंत (१८५९) अशा सुमारे दोन हजार व्यक्तींची हमी घेतली. त्याच्या या कार्यातूनच पुढे परिवीक्षेची पद्धती उदयास आली व १८७८ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्याने तिला कायद्याचे स्वरूप दिले. सुटकेची मुदत, जबाबदार व्यक्तीची देखरेख आणि मुदतीअखेर न्यायाधीशासमोर पुन्हा हजेरी, ही तिची तीन अंगे उपचार न्यायालयांतही कायम राहिली.

विसाव्या शतकात अमली पदार्थांविषयीचे धोरण याच्या उलट दिशेने गेले. १९१४ च्या हॅरिसन कायद्यानंतर व्यसनी माणूस हळूहळू रुग्णाऐवजी अपराधी गणला जाऊ लागला. १९३५ मध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे संघशासनाने व्यसनी कैद्यांसाठी रुग्णालय उघडले. परंतु तेथून बाहेर पडलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुन्हा व्यसनाकडे वळल्याचे पाहण्यांतून दिसून आले. सुटकेनंतर त्यांच्यावर लक्ष ठेवणारे कोणी नव्हते, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॉबिन्सन विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात, केवळ व्यसनी असणे हा अपराध ठरविता येणार नाही, असा निर्णय दिला; मात्र राज्यास सक्तीच्या उपचाराची व्यवस्था करता येईल, असेही मत व्यक्त केले. तथापि १९७३ चे न्यूयॉर्क राज्याचे कडक कायदे आणि १९८६ चा संघीय कायदा यांमुळे किमान शिक्षा अनिवार्य होऊन तुरुंग भरून गेले.

मायामीचा प्रयोग : १९८० नंतरच्या दशकात कोकेनच्या व्यापाराचा सर्वाधिक फटका बसलेल्या शहरांपैकी फ्लॉरिडातील मायामी हे एक होते. तेच ते आरोपी पुनःपुन्हा न्यायालयात येत आणि तुरुंगांत जागा उरली नव्हती. या परिस्थितीत मुख्य न्यायाधीश जेरल्ड वेदरिंग्टन, न्यायाधीश हर्बर्ट क्लाइन व सरकारी अभियोक्त्या जॅनेट रीनो यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये पहिले व्यसनोपचार न्यायालय सुरू झाले. स्टॅन्ली गोल्डस्टीन हे त्याचे पहिले न्यायाधीश. अमली पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेल्यांना येथे सुमारे वर्षभराचा उपचार देण्यात येई. शरीरशुद्धी, समुपदेशन, सूचिचिकित्सा व मूत्रतपासणी हे त्याचे भाग होते. उपचार पुरा करणाऱ्यावरील आरोप रद्द होत. गोल्डस्टीन आरोपीशी वकिलामार्फत न बोलता थेट बोलत आणि तपासणीचे निष्कर्ष भर न्यायालयात त्याच्यापुढे ठेवीत. ही पद्धती पुढे सर्वत्र अनुसरली गेली.

कार्यपद्धती : सामान्य खटल्यात परस्परविरोधी असणारे अभियोक्ता व बचावाचे वकील येथे न्यायाधीश, परिवीक्षा अधिकारी व उपचारतज्ञ यांच्यासह एका गटाने काम करतात. सुनावणीपूर्वी हा गट प्रत्येक आरोपीच्या प्रगतीचा विचार करतो. काही न्यायालये आरोपीने अपराध कबूल करण्यापूर्वीच त्याला उपचारास पाठवितात, तर काही कबुली घेऊन शिक्षा तहकूब ठेवतात. आरंभी दर आठवड्यास किंवा पंधरवड्यास हजेरी असते. प्रगतीनुसार ती विरळ होत जाते. नियमितपणाबद्दल शाबासकी व सवलती मिळतात. चुकल्यास समज, अधिक तपासण्या, समाजसेवा किंवा काही दिवसांचा कारावास अशा चढत्या क्रमाने शिक्षा होतात. व्यसनाकडे एकदा वळणे हा रोगाचा भाग मानला जातो. त्यामुळे तेवढ्यावरून आरोपीला सहसा काढून टाकीत नाहीत. १९९७ मध्ये या न्यायालयांची दहा मूलतत्त्वे निश्चित करण्यात आली.

या प्रयोगांना तात्त्विक अधिष्ठान मागाहून लाभले. कायदा व न्यायप्रक्रिया यांचा संबंधितांच्या मनःस्वास्थ्यावर बरावाईट परिणाम होतोच, म्हणून त्याचाही विचार व्हावा, हा उपचारलक्षी न्यायशास्त्राचा सिद्धांत डेव्हिड वेक्सलर यांनी १९८७ पासून व पुढे ब्रूस विनिक यांच्यासह मांडला होता. व्यसनोपचार न्यायालयांना तो नंतर लागू करण्यात आला.

प्रसार : १९९४ च्या संघीय गुन्हेनियंत्रण कायद्याने या न्यायालयांसाठी अनुदानाची तरतूद केली व त्यांची संख्या झपाट्याने वाढली. १९९७ मध्ये फ्लॉरिडातील ब्रॉवर्ड परगण्यात मनोरुग्ण आरोपींसाठी, तर २००८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफालो येथे माजी सैनिकांसाठी स्वतंत्र न्यायालय सुरू झाले. अमेरिकेबाहेर टोराँटो (१९९८), ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स (१९९९) व डब्लिन (२००१) येथेही व्यसनोपचार न्यायालये स्थापन झाली.

फलश्रुती व आक्षेप : १५४ मूल्यमापनांच्या एकत्रित विश्लेषणात (२०१२) असे आढळले, की प्रौढांच्या व्यसनोपचार न्यायालयांमुळे पुन्हा अपराध करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवरून ३८ टक्क्यांपर्यंत खाली येते. बालन्यायालयांत ही घट बरीच कमी आहे. २३ न्यायालयांच्या एका विस्तृत पाहणीत (२०११) न्यायाधीशाच्या वर्तनाचे महत्त्व प्रकर्षाने दिसले. न्यायाधीश आदराने व न्याय्य रीतीने वागतो, असे ज्यांना वाटले, त्यांच्यात सुधारणा अधिक होती.

तथापि न्यायाधीशाच्या हाती एकवटलेली ही सत्ता हाच प्रमुख आक्षेपाचाही विषय आहे. उपचार किंवा तुरुंग यांतून निवड करणाऱ्याची संमती कितपत खरी, हा पहिला प्रश्न. बचावाचा वकील गटाचा सभासद झाला, की आरोपीची बाजू मांडणारा कोणी उरत नाही, हा दुसरा. उपचारात अपयशी ठरलेल्यांना पुढे दीर्घ शिक्षा होतात. परिणामी तुरुंगवासाचे एकूण दिवस फारसे कमी होत नाहीत, असे २०१३ मधील एका विश्लेषणात दिसून आले. अनेक न्यायाधीशांनी मेथॅडोनसारख्या औषधांना वैद्यकीय मताविरुद्ध मनाई केली. अशा न्यायालयांना संघीय अनुदान नाकारण्याचे धोरण २०१५ मध्ये स्वीकारावे लागले. उपचार कोणता, हे वैद्याने ठरवावे आणि तो चालू आहे की नाही, हे न्यायाधीशाने पाहावे, ही मर्यादा त्यातून स्पष्ट झाली.

भारत : भारतात अशी स्वतंत्र न्यायालयशाखा नाही. मात्र मुंबई प्रांताचा १९३८ चा व नंतर संपूर्ण देशाचा १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम यांनी परिवीक्षेचे तत्त्व रुजविले. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याच्या कलम ३९ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाशी संबंधित अपराधाबद्दल दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला तिच्या संमतीने, बंधपत्रावर, शासकीय वा शासनमान्य संस्थेत उपचारासाठी सोडता येते. एक वर्षाच्या आत उपचाराचे फलित न्यायालयाला कळवावे लागते. कलम ६४ क हे स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देते; उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. त्याच अधिनियमान्वये स्थापन होणारी विशेष न्यायालये मात्र गंभीर अपराधांच्या शीघ्र निर्णयासाठी आहेत. सुटका व अखेरचा अहवाल यांमधील काळात न्यायाधीश व आरोपी यांची वारंवार भेट घडवून आणण्याची व्यवस्था कलम ३९ मध्ये नाही. उपचार न्यायालयांच्या अनुभवानुसार आरोपीची सुधारणा पुष्कळशी याच भेटींवर अवलंबून असते.