विजयदुर्ग ते शहडोल : एका ग्रहणाचा पट्टा आणि राष्ट्रांचे सहकार्य

नागपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसले असता वर्धा मागे पडल्यावर पुलगाव लागते आणि वर्धा नदी ओलांडली की थोड्याच वेळात तळणी नावाचे लहानसे स्टेशन येते. आपल्या सदरातील किती तरी मंडळी या वाटेने नित्य ये-जा करितात; परंतु ही दोन स्थानके एकेकाळी सूर्याच्या शास्त्रात गाजली होती, याची वार्ता फारच थोड्यांस असेल. एका देशाचे अग्निबाण, दुसऱ्याचे यंत्र आणि तिसऱ्याचे संदेशकेंद्र अशी जोड करून आज अंतराळात याने पाठविली जातात. ही रीत अगदी नवी आहे असा आपला समज असतो. वस्तुतः तिची मुळे जुनी आहेत, आणि त्यांतील एक आपल्याच भूमीत रुजलेले आहे. त्याचा इतिहास आज सांगण्याचे योजिले आहे.

सूर्यबिंबाभोवती अतिविरळ तेजाचे एक आवरण असते. त्यास प्रभामंडल म्हणतात. बिंबाच्या प्रखर प्रकाशापुढे ते एरवी दिसत नाही. चंद्र बिंबास पूर्ण झाकतो तेव्हा, आणि तेवढ्या काही क्षणांपुरतेच, ते डोळ्यांस दिसते. चंद्राची गडद छाया पृथ्वीवर पडते ती अरुंद पट्ट्यात, आणि तो पट्टा राज्यांच्या सीमा जुमानीत नाही. पॅरिसच्या वा लंडनच्या ज्योतिष्याने कितीही मोठी दुर्बीण उभारली तरी छाया त्याच्या दारी येणार नाही. त्यालाच छायेच्या दारी जावे लागते. त्यातून ऐनवेळी ढग आला, की वर्षभराची तयारी व्यर्थ! सन १८९६ च्या ऑगस्टमधील ग्रहणात असेच झाले. नॉर्वेत आणि जपानात दूरदूरहून मंडळी जमली होती. तेथे ढगांनी निराशा केली. मात्र नोवाया झेम्ल्या या उत्तरेकडील बेटावर गेलेल्या तुकडीस आकाश लाभले आणि तिने सूर्याच्या कडेचा क्षणिक वर्णपट टिपला. एकाच ठिकाणी सर्वांनी जमू नये, हा धडा यातून अधिकच स्पष्ट झाला.

पुढचे मोठे खग्रास ग्रहण २२ जानेवारी १८९८ रोजी हिंदुस्थानावरून जाणार होते. कोकणच्या किनाऱ्यावर विजयदुर्गापाशी शिरून, सोलापूर जिल्ह्यातील जेऊर, वऱ्हाडातील तळणी, वर्धा जिल्ह्यातील पुलगाव, पुढे शहडोल आणि बक्सर असा छायेचा मार्ग होता. खग्रास स्थिती टिकणार होती सुमारे दोन मिनिटे. लंडनची रॉयल सोसायटी व तेथील ज्योतिषसंस्था यांनी मिळून एक संयुक्त ग्रहणसमिती नेमिलेली होती. तिने आपली माणसे तीन ठिकाणी वाटून दिली. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर, पुलगावास न्यूअल व कॅप्टन हिल्स, शहडोलास राजज्योतिषी क्रिस्टी व टर्नर. तळणीस हौशी ज्योतिष्यांच्या ब्रिटिश संघाची तुकडी उतरली; तिच्यात मॉन्डर पतिपत्नी व जॉन एव्हरशेड होते. जेऊरला अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले. जपानी ज्योतिषीही या ग्रहणाकरिता हिंदुस्थानात आले होते. मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले असता ही सर्व जुळवाजुळव झाली, हे ध्यानी घेतले पाहिजे.

कामाची वाटणीही विचारपूर्वक केलेली होती. विजयदुर्गाच्या किल्ल्यावर लॉकियरच्या हाताखाली 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी होते. वर्णपटाची छायाचित्रे घेणे हे तेथील मुख्य काम. पुलगावास हिल्सने सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला, तर प्रभामंडल सूर्यासवे फिरते काय याचा शोध न्यूअल घेत होता. शहडोलास मोठ्या आकाराची छायाचित्रे घ्यावयाची होती. सुदैवाने त्या दिवशी सर्वत्र आकाश निरभ्र राहिले. तळणीस अ‍ॅनी मॉन्डर या विदुषीने स्वतःच्या कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा जो दूरवर गेलेला किरण टिपला, तेवढा लांब किरण त्यापूर्वी कोणी टिपलेला नव्हता. तेथेच एव्हरशेडला हायड्रोजनच्या रेषांची माला संपते तेथून पुढे पसरलेला अखंड प्रकाश छायाचित्रात मिळाला. हाच एव्हरशेड पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेत आला, आणि १९०९ साली सूर्यावरील डागांतील वायूच्या प्रवाहाचा त्याने लाविलेला शोध आजही त्याच्या नावाने ओळखिला जातो.

आता एक प्रश्न उरतो आणि तोच माझ्या मते महत्त्वाचा आहे. छाया आपल्या भूमीवर पडली. आपण कोठे होतो? सामान वाहणारे, तंबू ठोकणारे, पहारा करणारे हात आपले होते. शास्त्राच्या कामात स्वतःची तुकडी घेऊन उतरलेले एक एतद्देशीय नाव मात्र ठळकपणे आढळते. ते पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांचे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्यास जी वेधशाळा उभी राहिली, तिचे ते प्रमुख. तेथील वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. त्यांनी जेऊरला तळ दिला, वेध घेतले, आणि १९०२ साली त्यांचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला. परंतु १९१२ साली ते सेवानिवृत्त होताच वेधशाळा बंद पडली व तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. मनुष्य होता, यंत्र होते. त्यांच्या मागे उभी राहील अशी संस्था नव्हती. ज्याच्यापाशी संस्था नाही, त्याला सहकार्यात पाहुण्याच्या वा यजमानाच्या पलीकडचे स्थान मिळत नाही, हे या कथेचे मर्म आहे.

येथे एका लोकसमजाचाही उलगडा केला पाहिजे. हेलियमचा शोध विजयदुर्गावर १८६८ साली लागला असे पुष्कळदा सांगितले जाते, आणि किल्ल्यावरील 'साहेबाचे ओटे' दाखविले जातात. १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण दक्षिणेत दिसले, हे खरे. फ्रान्सचे जान्सेन त्या वेळी गुंटूरला होते, आणि जमखिंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी वेध घेतले. लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडात होते. ग्रहणाविना सूर्याच्या ज्वाला पाहण्याची युक्ती त्यांनी ऑक्टोबरात तेथेच साधली. त्यांचे पत्र व जान्सेन यांचे पत्र पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच दिवशी वाचले गेले, आणि फ्रेंच सरकारने दोघांच्या प्रतिमा असलेले एकच पदक पाडिले. लॉकियर विजयदुर्गावर आले ते तीस वर्षांनी. हेलियम तर पृथ्वीवर रॅमसे यांना १८९५ सालीच सापडून चुकला होता. यामुळे विजयदुर्गाचे महत्त्व उणे होत नाही. १८९८ चा खरा मान त्यास पुरेसा आहे.

ग्रहणसमितीने जे केले, तेच पुढे अंतराळसंस्थांनी मोठ्या प्रमाणावर केले. हॅले धूमकेतू १९८६ साली परतणार होता. युरोपची अंतराळसंस्था, सोव्हिएत संघाची 'इंटरकॉसमॉस', जपानची अंतराळविज्ञानसंस्था आणि अमेरिकेची 'नासा' यांनी १९८१ साली एक सल्लामंडळ स्थापिले. त्यात कोणाचे द्रव्य कोणास द्यावयाचे नव्हते. ज्याने त्याने आपले यान आपल्या खर्चाने पाठवावे, मात्र वेळा, यंत्रे आणि माहिती एकमेकांस कळवावी, एवढाच नियम. मार्चमध्ये सोव्हिएत 'व्हेगा' याने प्रथम धूमकेतूजवळून गेली. त्यांची नेमकी जागा अमेरिकेच्या संदेशकेंद्रांनी मोजून दिली, त्यावरून धूमकेतूचे केंद्र कोठे आहे हे निश्चित झाले, आणि १४ मार्च रोजी युरोपचे 'ज्योत्तो' यान त्या केंद्रापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेले. हे सर्व शीतयुद्धाच्या दिवसांत घडले! एकमेकांवर रोखलेल्या तोफा तशाच होत्या. परंतु धूमकेतू शहात्तर वर्षांनी एकदा येतो, एवढे भान उभय पक्षांस होते.

आता आपल्याकडे वळू. सूर्याच्या अभ्यासाकरिता भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी 'आदित्य-एल१' पाठविले, आणि ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून सुमारे पंधरा लक्ष किलोमीटरवरील आपल्या स्थानी पोहोचले. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' संस्थेने सिद्ध केली. इतक्या दूरच्या यानाशी अहोरात्र संबंध ठेवण्यास एका देशाची केंद्रे पुरत नाहीत, कारण पृथ्वी फिरत असते. सबब युरोपच्या संस्थेने आपली केंद्रे साहाय्यास दिली. पुढे ५ डिसेंबर २०२४ रोजी युरोपची 'प्रोबा-३' ही यानांची जोडी श्रीहरिकोट्याहून आपल्या अग्निबाणाने वर गेली. त्यातील एक यान दुसऱ्यापासून दीडशे मीटरवर राहून त्याच्यापुरते सूर्यबिंब झाकते. म्हणजे मनुष्याने घडविलेले ग्रहणच! त्याने टिपलेली प्रभामंडलाची चित्रे २०२५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाली. जे दृश्य दोन मिनिटे पाहावे म्हणून साहेब लोक समुद्र ओलांडून तळणीस आले, तेच तासन्‌तास दाखविणारी याने आपल्या किनाऱ्यावरून निघाली.

१८९८ साली आपण जागा दिली. आज आपण वाहन देतो, यंत्र देतो आणि आपले काम अडले असता इतरांचे साहाय्य बरोबरीच्या नात्याने मागतो. हा पालट केवळ धनाने झालेला नाही. नायगामवालांच्या मागे जे उभे राहिले नाही, ते पुढील पिढ्यांनी उभे केले : शिकवणारी विद्यालये, टिकणाऱ्या वेधशाळा आणि एक मनुष्य गेला तरी चालू राहणारे काम. पुलगावच्या पुलावरून गाडी जाईल तेव्हा आपल्या मुलांना ही हकिकत अवश्य सांगावी, एवढीच विनंती करून हे भाषण संपवितो.