पटकीचे विष कसे सापडले

परंड्याहून पंढरपूर काही फार दूर नाही. एके काळी वारीची गर्दी पांगली की तिच्याबरोबर पटकीही गावोगाव पसरे. लोक तिला जरीमरीचा कोप मानीत. १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन पंडिताने कलकत्त्यास तिच्या जंतूची ओळख पटविली व तो विष निर्माण करीत असावा, असा तर्क मांडला. परंतु ते विष हाती लागावयास पाऊणशे वर्षे जावी लागली.

१९५९ साली कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी जंतू वाढविलेला द्रव गाळून जंतुरहित केला व सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला. आतडे पाण्याने फुगले! त्याच वर्षी मुंबईस, परळच्या हाफकीन संस्थेत दत्ता, पानसे व कुळकर्णी यांनी जंतू फोडून काढलेल्या निर्जंतुक अर्काने सशाच्या पिलांत तोच रोग उत्पन्न केला. जिवंत जंतूवाचूनही रोग होतो, हे सिद्ध झाले.

पण ही मारक वस्तू कोणती? उष्णतेने तिचा गुण नाहीसा होई. हे लक्षण प्रथिनाचे. १९६९ साली अमेरिकेत फिंकेलस्टाइन व लोस्पालुटो यांनी ते प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पुढे त्याचे सहा घटक उमगले: पाच आतड्याच्या पेशीस चिकटतात; सहावा आत शिरून तिला क्षार व पाणी बाहेर ओतावयास लावतो.

मात्र साखरेसवे मीठ शोषून घेण्याची आतड्याची शक्ती हे विष हिरावून घेत नाही. म्हणूनच वेळेवर पाजलेले मीठ-साखरेचे पाणी बहुतेक रोग्यांस वाचविते. वाडवडिलांनी जिच्यापुढे हात टेकले, तिच्यावरचा उतारा घरच्या माजघरातच होता!